पाल साहेबांची बदली

बाबांच्या बदलीच्या ऑर्डरमध्ये तीन नावं होती: बाबा, आई आणि मी. प्रत्यक्षात रत्नागिरीहून दिल्लीला नक्की किती जण आले, हे कळायला आम्हाला चार महिने लागले. सामानासाठी बाबांनी ओळखीच्या सुताराकडून आंब्याच्या लाकडाची बारा खोकी करून घेतली होती आणि प्रत्येक खोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, स्वतःच्या वळणदार अक्षरात, ‘साखळकर, रत्नागिरी ते नवी दिल्ली’ असं लिहून खाली क्रमांक टाकला होता. क्रमांक टाकल्याशिवाय वस्तू आपली आहे यावर बाबांचा विश्वास बसत नसे. माझ्या पाठीवर त्यांनी काही लिहिलं नाही हेच आश्चर्य. भरायच्या आधी महिनाभर ही खोकी आमच्या पडवीत दिव्याखाली रचून ठेवली होती. कोकणातला पडवीतला दिवा म्हणजे पाखरांची जत्रा, आणि पाखरं आली की पाली आल्याच. एवढं सांगितल्यावर शहाण्या वाचकाला पुढचं कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. आम्ही खोक्यांच्या खाचांमध्ये डोकावलो नाही, कारण आई पितळी डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि मी, सगळ्यांच्या मध्ये बसून, रडत होते.

दिल्लीतलं सरकारी क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक जाळीची बाल्कनी आणि स्वयंपाकघर एवढं अरुंद, की आई कणीक मळायला बसली की बाबांना पाणी प्यायला परवानगी मागावी लागे. बाहेर दिवसभर कूलरची घरघर, खाली इस्त्रीवाल्याच्या कोळशाच्या इस्त्रीचे धपके, आणि दुपारी भंगारवाल्याची ‘कबाऽऽड़ी’ अशी लांबलचक हाक. घरात आत आलं की कुळथाच्या पिठल्याचा वास. आमच्या त्या दोन खोल्यांत रत्नागिरी जेमतेम मावत होती. सामान लागल्यावर खोकी रिकामी झाली आणि आईला एक शोध लागला: दिल्लीत रिकाम्या लाकडी खोक्याला फार मान आहे. वरच्या मजल्यावरच्या खुराना आंटी रजया ठेवायला दोन खोकी घेऊन गेल्या. तळमजल्यावरच्या घरी एक चपलांसाठी गेलं. आणखी चार अशीच ब्लॉक ओलांडून कुठे कुठे पोचली. खोकं नेणारा माणूस परत जाताना आईला भाभीजी म्हणत असे, आणि त्या काळात भाभीजी म्हणणारं माणूस मिळवायला आई खोकंच काय, आतले डबेही देऊन बसली असती. पाच खोकी उरली. त्यातलं सात नंबरचं उभं करून, पडदा लावून, शेगडीशेजारी फडताळ म्हणून ठेवलं.

दिल्लीत पाली होत्याच. मोठ्या, पांढुरक्या, ट्यूबलाइटच्या मागे ऐसपैस बसलेल्या. पण त्या बोलत नसत. निदान आमच्या ब्लॉकमध्ये कुणी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं. आईला हे फार लागलं. कोकणात माणसं बोलत असताना पाल चुकचुकली, की बोललेलं खरं ठरतं. मग जवळच्या लाकडावर बोटानं तीनदा टकटक करून ‘कृष्ण, कृष्ण, कृष्ण’ म्हणायचं, की ते पक्कं झालं. आमच्या घरातले निम्मे निर्णय असे पालीच्या सहीनं झाले होते. इथे सही करायला कुणीच नव्हतं. आणि मग पाऊस सरल्यावर एका संध्याकाळी, चहाच्या वेळी, आई म्हणाली, “दिवाळीपर्यंत रुळू आपण इथे,” आणि सात नंबरच्या खोक्यामागून स्पष्ट आवाज आला: चुक, चुक, चुक, चुक. आईनं कप खाली ठेवला. टकटक केली. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, “आपल्याकडची आहे गं. आवाज ओळखला मी.”

बाबा टॉर्च घेऊन आले. खोक्याच्या मागे, फळ्यांच्या सांध्यात, शेंगदाण्याएवढ्या दोन अंड्यांची फुटलेली पांढरी टरफलं होती. आणि त्यांच्या वर, भिंतीला चिकटून, बोटाएवढी तपकिरी पाल. “बिनतिकीट,” बाबा म्हणाले.

आता खुराना आंटींबद्दल सांगायला हवं. आंटी मोठ्या मनाच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या यजमानांचं करोल बागेत मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आईचं हिंदी तेव्हा नुकतंच उभं राहायला शिकत होतं. त्यात तिनं सरळ नियम केला होता: शंका आली की पुल्लिंग. दुसऱ्या दिवशी जिन्यात तिनं आंटींना आनंदाची बातमी दिली. मी तिथेच होते, त्यामुळे हे मला शब्दशः आठवतं, आणि नसेल आठवत तर गेल्या कित्येक वर्षांत सांगून सांगून मी ते पक्कं केलं आहे.

“हमारे साथ रत्नागिरी से पाल भी आया है,” आई म्हणाली.

“अच्छा जी? पाल साहब?” आंटी म्हणाल्या. “कितने दिन रहेंगे?”

“अब तो यहींच रहेगा.”

“खाने-पीने का तो आपको देखना पड़ता होगा.”

“कुछ नहीं. अपना अपना देखता है. एकदम शांत. सिर्फ शाम को बोलता है, और जो बोलता है, सच होता है.”

“ऐसे बंदे आजकल कहाँ मिलते हैं, भाभीजी,” आंटी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे येणाऱ्या मुळ्याच्या परांठ्यांत एक जास्तीचा येऊ लागला. “ये पाल साहब के लिए.” आईला वाटलं, पंजाबी लोकांत पालीला नैवेद्य दाखवत असतील. बाबांना बहुधा पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. पण तो परांठा तेच खात होते, त्यामुळे ते गप्प राहिले. दीड महिन्यानं आंटींनी स्वतःच म्हटलं, की पाल साहबना एकदा भेटवा, पुतणीच्या लग्नाचं विचारायचं आहे. आईनं त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि अदबीनं भिंतीकडे बोट दाखवलं. आंटींनी पालीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग बाबांकडे वळून एवढंच म्हणाल्या, “भाई साहब, मूली के सारे आपने खाए?”

पण नाव चिकटलं. आंटींनी ही गोष्ट अख्ख्या ब्लॉकला सांगितली, आणि तेव्हापासून आमच्या जिन्यात जी गप्प बसते ती छिपकली आणि जो बोलतो तो पाल, अशी वाटणी झाली.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. माझं बिनसलं ते शाळेत. आठवीत, मुलींच्या शाळेत, मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसत असे आणि शक्यतो तोंड उघडत नसे, कारण उघडलं की मराठी हिंदी बाहेर पडे आणि वर्ग हसे. जीवशास्त्राला भार्गव मॅडम होत्या. ताठ, फिक्या साडीतल्या, आणि लाल पेन हे ज्यांच्या हाताचं सहावं बोट होतं अशा. डिसेंबरात त्यांनी लिहायला सांगितलं: आपल्या घरातल्या एखाद्या जीवाचं निरीक्षण. मला वाटलं, हा विषय माझ्यासाठीच काढलाय. मी दोन पानं लिहिली. ‘हमारे घर में पाल रहता है. वह संध्याकाल को चुकचुकता है.’ वही परत आली तेव्हा दोन्ही पानांवर तिरका लाल शब्द होता: मनगढ़ंत. म्हणजे रचलेलं. म्हणजे खोटं. वर मॅडमनी ते वर्गात वाचूनही दाखवलं.

“चुकचुकता है? ये कौन सी भाषा है?” वर्ग हसला. “सरीसृपों में आवाज़ नहीं होती. साँप फुफकारता है, बस. बेटा, जो देखा-सुना नहीं, वो निरीक्षण में नहीं लिखते. सच लिखकर लाओ.”

मी आयुष्यात दोन-तीनदाच शूर झाले आहे, आणि प्रत्येक वेळी विचार न करता. मी उभी राहून म्हणाले, “मॅडम, मैंने सुना है. आप घर आकर सुनिए.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “आऊँगी,” त्या म्हणाल्या. “होली के बाद. तब तक ये शब्द यहीं रहेगा.”

त्या दिवसापासून माझं नाव चुकचुक पडलं. मी दारातून आत आले, की मागून कुणीतरी जिभेनं चुकचुक करी. झूठी म्हणत त्या वेगळ्या. आणि खरी भीती मी घरीही सांगितली नव्हती: पाल दिवाळीपासून बोललीच नव्हती. दिल्लीची थंडी पडली आणि खोक्यामागचा आवाज बंद झाला. ती कोकणातली, आणि इथे सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घातला की आमचीच बोटं गळून पडतील असं वाटायचं, तिथे तिचं काय होणार. शेवटी मी आईला सांगितलं. आईनं ओरडायचं सोडून व्यवस्था हातात घेतली. त्या जानेवारीत स्वयंपाकघराची खिडकी उघडली गेली नाही. पिठल्याचं गरम पातेलं शेगडीवरून उतरलं की सात नंबरच्या खोक्याला टेकवून ठेवलं जाई. बाबांची जुनी लोकरीची बंडी खोक्याच्या पाठीवर खिळ्यांनी ठोकली गेली. बाबांनी विचारलं, “आणि मी काय घालू?” आई म्हणाली, “तुम्ही ऑफिसात बसता, हीटरपाशी. तिला ऑफिस आहे का?”

आता मागे वळून बघताना मला माझ्यापेक्षा आईचंच नवल वाटतं. मुलीवर खोटेपणाचा शिक्का बसलाय म्हणून शाळेत जाऊन भांडणारी आई समजू शकते. पण साक्षीदाराला थंडी वाजू नये म्हणून नवऱ्याची बंडी ठोकणारी आई माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

होळीनंतरच्या रविवारी, संध्याकाळी पाचला, मॅडम आल्या. आईनं घावन आणि नारळाचा गोड रस केला होता. खुराना आंटी कुणी न बोलावता येऊन मध्यभागी बसल्या होत्या. म्हणाल्या, पाल साहब घरचेच आहेत, मी नको का. स्वयंपाकघराच्या दारात चार खुर्च्या मांडल्या. सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो, मुलगी बघायला आल्यासारखे, फक्त मुलगी बाहेर येत नव्हती. पाव तास गेला. अर्धा तास गेला. मॅडमनी तीन घावन खाल्ले. मी मनात कबूल करून टाकलं होतं, की आपण ते ऐकलंच नव्हतं, आई म्हणाली म्हणून आपल्यालाही वाटलं. उद्यापासून सच लिहायचं. मॅडमनी ताटली खाली ठेवली, रुमालानं बोटं पुसली आणि वाईट वाटल्यासारखं म्हणाल्या, “देखिए साखळकर जी, बच्ची की कल्पना अच्छी है. मगर छिपकली बोलती ही नहीं.”

चुक, चुक, चुक, चुक, चुक.

आणि आईनं, इतक्या वर्षांची सवय, दाराच्या चौकटीवर तीनदा टकटक केली. “कृष्ण, कृष्ण, कृष्ण.”

बाबा सावकाश म्हणाले, “अगं, हे काय केलंस? पाल बोलत नाही, हे पालीनं बोलून खरं केलं. आणि तू ते पक्कं केलंस.”

आई बावरली. आंटी हसून हसून खुर्चीतून घसरल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “घड़ी होगी.” बाबा उठले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, सेल काढून तो मॅडमच्या तळहातावर ठेवला. मग खोलीत खरंच शांतता झाली. आईनं बहुधा मघाची चूक दुरुस्त करायची म्हणून पुन्हा लाकडावर टकटक केली, आणि खोक्यामागून लगेच उत्तर आलं. ते थांबतं न थांबतं तोच वरून, आंटींच्या मोरीच्या झरोक्यातून, दुसरं. तितकंच स्पष्ट, किंचित चिडलेलं.

“लो,” आंटी डोळे पुसत म्हणाल्या. “हमारे वाले भी जाग गए.”

इतकी वर्षं आम्ही समजत होतो की पाल बोलली म्हणून आपण टकटक करतो. आपण टकटक केली म्हणूनही पाल बोलते, हे त्या दिवशी कळलं. मॅडमनी टॉर्च मागितला, साडी खोचली आणि खोक्यामागे गुडघ्यांवर बसल्या. बंडीच्या गळ्यातून एक तपकिरी डोकं बाहेर बघत होतं. मॅडमनी ते नीट पाहून घेतलं. उठल्यावर म्हणाल्या, “बोलती है. मैंने सुना. पर क्लास में मैं दो आवाज़ों पर कुछ नहीं कहूँगी. ये आई कैसे, ऊपर गई कैसे, ये बताओ. निरीक्षण पूरा करो.” माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी आवाज उतरवला. “लाल पेन का लिखा आधे सच से नहीं कटता, बेटा.” जाताना त्यांनी पुस्तकांसाठी एक रिकामं खोकं मागून घेतलं. अकरा नंबर. बाबांनी खाली रिक्षापर्यंत पोचवलं.

म्हणजे घरी मी खरी आणि शाळेत अजून खोटी. एप्रिल-मे मी वही घेऊन जिने चढले. माझा हिशोब असा होता, की पाली आमच्या घरातून चालत निघाल्या असणार. म्हणजे आधी शेजारी, मग समोर, मग पलीकडे. शेजारच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून होती. तिथे तीन संध्याकाळी चहा प्यायले, टकटक केली, काही नाही. समोर काही नाही. तळमजल्यावर मात्र चपलांच्या मागून उत्तर आलं. मग थेट सहा ब्लॉक ओलांडून, मधली सगळी घरं गप्प असताना, एका बंगाली काकूंच्या बाल्कनीत आवाज. मला काही सुधरेना. मी हुशार नव्हतेच. काकूंच्या बाल्कनीत वैतागून मी ज्यावर बसले होते, त्यावर टकटक करायला खाली वाकले आणि माझ्या पायांच्या मध्ये बाबांचं अक्षर दिसलं: साखळकर, रत्नागिरी ते नवी दिल्ली. नऊ.

त्यानंतर मी पाली शोधायच्या सोडून खोकी शोधू लागले. सामान लागल्यावर सात खोकी बाहेर गेली होती. सहांपाशी आवाज होता. उरलेलं एक आंटींनी करोल बागेत दुकानी पाठवलं होतं. तिथून खुराना अंकलनी स्वतः येऊन साक्ष दिली. “बेटा, गाहक भाव बोलता है और ऊपर से पाल करता है चुक-चुक-चुक. गाहक समझता है मैं अफ़सोस कर रहा हूँ. बेचारा शरमाकर मान जाता है. इसको मैं वापस नहीं दूँगा.” मी नकाशा काढला. घरांचे चौकोन, चौकोनांत खोक्यांचे क्रमांक, आणि प्रत्येक बाणावर नाव, कुणी कुणाला दिलं त्याचं. पाली स्वतः चार भिंतीसुद्धा चालल्या नव्हत्या. त्यांना आम्ही दिल्लीभर नेऊन सोडलं होतं, भाभीजी म्हणवून घेण्यासाठी. सुट्टी लागायच्या दिवशी तो नकाशा मी मॅडमना दिला. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. एक मात्र पुस्तकात बघून त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, की असा आवाज करणारे बहुतेक नर असतात. म्हणजे ‘पाल बोलता है’ हे आईचं व्याकरण बरोबर होतं. आयुष्यात एकदाच, पण प्राणिशास्त्राच्या पाठिंब्यानं.

मध्येच एक आजची गोष्ट सांगते. मी आता मानेसरला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते, गुडगावहून कंपनीच्या बसनं जाते. परवा कँटीनमध्ये, ताटांच्या खणखणाटात, छतावरून चुकचुक ऐकू आलं. माझ्या बोटांनी आपोआप टेबलावर तीनदा टकटक केली. समोरच्या मुलानं, चहा हवाय असं समजून, लगेच दुसरा कप आणून ठेवला. घरी मुलीला सांगितलं, तर म्हणाली, “मम्मा, चुकचुकणं म्हणजे एक्झॅक्टली काय?” मी करून दाखवलं. ती म्हणाली, “यार, हे तर आपल्या लिफ्टपाशी रोज होतं. मला वाटलं, सेन्सर आहे.”

तर, सुट्टी संपून शाळा उघडली. नववीलाही भार्गव मॅडमच आल्या. पहिला तास; बाहेर उकाडा, वर पंखा, आणि मागच्या बाकावरून नियमाप्रमाणे कुणीतरी चुकचुक केलं. दोन-तीन जणी हसल्या. मॅडमनी हजेरीचं रजिस्टर उघडता उघडता मिटलं.

“किसने किया?” त्यांनी विचारलं. मागच्या बाकावरच्या माना खाली गेल्या. “डरो मत. मैं इसलिए पूछ रही हूँ कि ठीक से नहीं हुआ. वो पाँच बार करता है, और आख़िर में थोड़ा धीमा. आज सुबह मेरे घर पाल बोला.”

कुणालाच काही कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही. मग अकरा नंबर आठवलं. मॅडमनी पर्समधून नकाशा काढला, उलगडला, आणि स्वतःच्या लाल पेननं एका कोपऱ्यात नवीन चौकोन काढून आमच्या घरापासून तिथपर्यंत बाण ओढला. मग माझी जुनी वही मागितली. ती मी रोज दप्तरात ठेवत असे. का, ते सांगता येणार नाही. सगळ्यांसमोर त्यांनी तो तिरका शब्द खोडला आणि खाली तारीख घालून सही केली. नकाशा फळ्यावर टाचला आणि खडू माझ्यापुढे धरला.

“इधर आओ. इन सबको बताओ, रत्नागिरी से मेरे घर तक ये कैसे पहुँचा. अपनी हिंदी में बताओ, मैं समझ लेती हूँ.”

मी गेले. पहिल्या वाक्यात तीन लिंगं चुकली आणि वर्ग हसला, पण मी तोवर सुताराकडे पोचले होते. मग खोकी आली, पडवी आली, जास्तीचा परांठा आला, बंडी आली. आता मुली हसत होत्या ते मी थांबून हसू देत होते म्हणून. कुणीतरी विचारलं, जिथे खोकं गेलं नाही तिथे? कुणीतरी विचारलं, आमच्याकडे गावाहून पलंग आलाय, त्यात असेल का? मी म्हणाले, संध्याकाळी लाकडावर टकटक करून ऐक आणि उद्या मला सांग. ‘मला’ म्हणाले, मॅडमना नाही. मॅडम माझ्या जागेवर, शेवटून दुसऱ्या बाकावर, जाऊन बसल्या होत्या. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी करोल बागेपर्यंतच आले होते. पुढचा तास गणिताचा होता. गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा भार्गव मॅडमनी त्यांना मागून हातानं खूण केली, की जरा थांबा, मुलगी बोलतेय.